कोणते इंगळे?

पुणे
१८ नोव्हेंबर २०२४

प्रिय हरिओम,

तुझं पत्र मिळालं. संजीवनी गेल्यापासून सांत्वनाचे फोन पुष्कळ आले, घरी येऊनही लोक बसून गेले, पण कागदावर कोणी चार ओळी लिहिल्या नव्हत्या. तू लिहिल्यास. थ्रेशरवर उभं राहून कान गेले, फोनवर निम्मंच ऐकू येतं आणि मोबाईल पोराच्या हातात असतो, म्हणून पत्र लिहितो, असं तू म्हणतोस. बरंच झालं. फोनवर आपण ‘बाकी काय, बाकी बरं’ म्हणून मोकळे झालो असतो.

पण एक तक्रार आहे. ‘मा. प्रेमानंद साहेब’ हे काय लावलंयस? पाटबंधारे खात्यात उभी नोकरी लोकांनी मला साहेब म्हटलं. तेवढं पुरे झालं. तू मला ‘काऊन बे पम्या’ म्हणायचास. इथे पुण्यात कोणाला ‘बे’ म्हटलं तर तो बाह्या सरसावतो. आपल्याकडे ज्याला ‘बे’ म्हणता येत नाही तो परका. त्या न्यायाने मला कितीतरी वर्षांत कोणी जवळचं मानलेलं नाही.

नोकरीच्या पहिल्याच आठवड्यात मी ऑफिसात ‘मले चाय नोको’ म्हणालो आणि सगळे टेबलांवर डोकी ठेवून हसले होते. त्या दिवसापासून मी ‘मला’ म्हणायला लागलो. ‘मले’ फक्त घरी, संजीवनीजवळ. ती बीबी गावाकडची, तिचं बोलणं जरा मराठवाड्याच्या वळणाचं, पण आमचं जमायचं. आता ती गेली आणि तिच्याबरोबर घरातलं ‘मले’ही गेलं. मयुरी हैदराबादला आहे. तिची मुलं मला ‘नानाजी, आप कैसे हो’ विचारतात. गोड विचारतात, पण त्यांना उत्तर देताना मी कोणा दुसऱ्याच्याच तोंडाने बोलतोय असं वाटतं.

म्हणून तुझ्या पत्रातलं एक वाक्य मी पुन्हा पुन्हा वाचलं. धामणगाव बढ्याच्या रस्त्याला लागून असलेल्या तुमच्या मळ्याचे तुम्ही प्लॉट पाडताय. त्या मळ्यातला कडुनिंब आहे का अजून? असेल तर त्याच्या जवळचा एक प्लॉट मला ठेव. सगळ्यांना लावशील तोच भाव मला लाव, दोस्ती मध्ये आणू नकोस. दोन खोल्या आणि पुढे मोठा ओटा, एवढंच बांधीन. तू मळ्यातून येता येता ओट्यावर टेकशील. मला गावात मरायला यायचं नाहीये, हे लक्षात घे. बोलायला यायचंय.

मास्तर हजेरी घेताना ‘इंगळे’ म्हणाले की आपण दोघंही ‘हजर’ म्हणायचो, आठवतं? मग ते चष्म्यावरून बघत विचारायचे, ‘कोणते इंगळे?’ आणि आपणच ओरडायचो. तू ‘गावातला’, मी ‘वस्तीतला’. पुण्यात मी लोकांना सांगायचो की गावाकडे माझा एक भाऊ आहे, हरिओम इंगळे. नाव ऐकून सगळ्यांना ते खरंच वाटायचं.

वहिनींना जय भीम सांग.

तुझाच,
इंगळे


मु. चिंचपाडळी, ता. मोताळा
५ डिसेंबर २०२४

मा. प्रेमानंद साहेब,
सप्रेम जय भीम.

तुमचं पत्र मिळालं. अन्नपूर्णेला वाचून दाखवलं. ती म्हणाली, साहेबांचं अक्षर अजून शाळेतल्यासारखंच आहे. तुमची पाटी मास्तर सगळ्या वर्गात फिरवायचे आणि माझी उलटी करून ठेवायचे, हे तिला मीच कधीतरी सांगितलं असेल.

साहेब म्हणू नको म्हणता. तुम्ही एवढ्या मोठ्या पदावरून उतरले, अख्ख्या तालुक्यात आपल्या शाळेचं नाव झालं. आता तुम्हाला अरेतुरे केलं तर लोक मला काय म्हणतील? प्रज्वल तर म्हणतो, बाबा, तुम्हाला बोलायची रीत नाही. तेव्हा ते असू द्या.

निंब आहे. प्लॉट सगळ्या मळ्याचे पाडले, पण निंबाला हात लावू दिला नाही. तुम्ही म्हणता तो प्लॉट पाहून ठेवला आहे, पूर्वेला तोंड आहे, हवा चांगली. तुमच्यासारखा माणूस गावात परत येतो म्हणजे गावाचं भाग्य. व्यवहाराचं सगळं प्रज्वल पाहतो, त्याच्या कानावर घालतो.

जानेवारीत या. सव्वीस जानेवारीला शाळेत झेंडावंदन असतं, तुमचा सत्कार ठेवू. सरपंचाला बोललो, तो लगेच हो म्हणाला. मळ्यात थोडी हिरवी वांगी लावली आहेत, कापसाच्या पऱ्हाटीच्या जाळावर भाजून भरीत करू. मलकापूरला उतरा, गाडी पाठवतो.

आपला नम्र,
हरिओम रंगराव इंगळे


पुणे
२ फेब्रुवारी २०२५

प्रिय हरिओम,

काल सुखरूप पोचलो. खोकला घेऊन आलो, पण तो तुमच्या भरिताच्या धुराचा आहे, त्यामुळे त्याच्यावर औषध घेणार नाही.

मी येण्याआधी मनात बऱ्याच शंका होत्या, त्या आता सांगायला हरकत नाही. गाडीतून उतरलो तर गाव ओळखू येईना. नदीतली वाळू गेली, नुसते खड्डे राहिले. शाळेत आपल्या वेळी एका बाकावर चार पोरं कोंबून बसायची, आता चार बाकांवर मिळून एक पोर. बाकीची पिवळ्या गाड्यांतून इंग्रजी शाळेत जातात. पिंपळाखाली म्हातारे बसायचे तिथे मोबाईलचं दुकान. मला आधी वाईट वाटलं. मग म्हटलं, जुनं गेलं तर जाऊ दे. जुन्यात माझ्यासाठी काय ठेवलं होतं? तुमच्या घरी मी ओट्याखाली उभा राहून तुला हाक मारायचो. रंगरावबाबा, माणूस प्रेमळ, पण मला पाणी वरून ओतायचे. एक मळाच तेवढा आपला होता. तिथे गड्यांना, मालकाला, मला, सगळ्यांना भरीत केळीच्या पानावर, आणि खाऊन झालं की पानं बैलांपुढे. त्यामुळे कोणाचं ताट कोणी धुवायचं हा प्रश्नच नव्हता.

आणि आता बघ. त्याच गावाने मला शाल आणि नारळ दिला. ‘गावचे सुपुत्र’ म्हणून माइकवर नाव पुकारलं. झेंडावंदनानंतर सगळं गाव एका पंगतीला बसलं, सरपंचाच्या मांडीला माझी मांडी, आणि सगळ्यांपुढे सारख्याच डिस्पोजल प्लेटा. तुझ्या घरी तर मी ओट्यावर नाही, थेट सोफ्यावर बसलो. तुम्ही सगळे स्टीलच्या पेल्यात चहा प्यायलात आणि वहिनींनी माझ्यासाठी मुद्दाम कपाटातून नवाकोरा कागदी कप काढला. पाहुण्यांसाठी एवढी तयारी कशाला, असं मी म्हणालोदेखील.

प्लॉटांच्या तोंडाशी तुमचा फलक पाहिला. ‘रंगराव नगर. आपल्या माणसांची, आपली वसाहत.’ खरं सांगतो, मी तो दोनदा वाचला. फलकाखाली उभं राहून फोटो काढून घेतला आणि मयुरीला पाठवला.

वस्तीतही गेलो होतो. पुंजाजीकाका गेल्यापासून केसरकाकू एकटीच असते, पण खमकी आहे. विहार छान बांधलाय वस्तीतल्यांनी. माझ्या वडिलांच्या जागेवर वेड्या बाभळी माजल्यात. काकूला मी प्लॉटचं सांगितलं तर ती म्हणाली, “बोर्ड वाचला काय रे नीट?” मी म्हटलं वाचला, छान आहे. ती म्हणाली, “तुह्या बापाची जागा इथी हाय. आमच्यात राहाले येशीन त ये. उद्या त्याह्यच्यावर रुसून नको येऊ.” म्हातारं माणूस आहे, जुन्या गोष्टी मनात धरून बसलीय. मी हसून सोडून दिलं.

एकच गोष्ट खटकली. आठ दिवसांत तू मला एकदाही ‘बे’ म्हणाला नाहीस. निंबाखाली आपण दोघंच होतो तेव्हाही नाही.

प्रज्वलला सांग, कागदपत्रं तयार ठेव. मी केव्हाही येतो.

तुझाच,
इंगळे


चिंचपाडळी
२० मार्च २०२५

मा. साहेब,
सप्रेम जय भीम.

पत्राला उशीर झाला. मिरची तोडणी चालू होती, त्यात अन्नपूर्णेचा गुडघा. तुमचा सत्काराचा फोटो पेपरात आला होता, कात्रण सोबत पाठवतो. मी मागे उभा आहे, टोपी तेवढी दिसते.

प्लॉटचं असं आहे की बिगरशेतीचं, एनएचं काम अडकलं. प्रज्वल तहसीलला चकरा मारतो, पण साहेब लोक तारखा देतात. तुम्हाला तर माहीत आहे. पोराच्या हातात कारभार दिला की बापाला विचारून चालत नाहीत, त्यामुळे मीही फार जोर लावत नाही. झालं की कळवतोच.

ऊन फार आहे. तुम्ही आता एवढ्यात येण्याची घाई करू नका.

आपला,
हरिओम


पुणे
११ मे २०२५

प्रिय हरिओम,

केसरकाकूकडे फोन केला होता. ती सांगत होती की रंगराव नगरात तीन घरांचे पाये खोदले गेले. एनए झालं नसेल तर पाये कसे खोदले? खोदले असतील तर माझ्या कागदाचं काय झालं?

माझा स्वभाव तुला माहीत आहे, मी आडून विचारत नाही. काही अडचण असेल तर सरळ लिही. प्रज्वलच्या मनात काही असेल तर मी त्याच्याशी बोलतो, पोरं माझं ऐकतात.

तुझा,
प्रेमानंद


चिंचपाडळी
९ जुलै २०२५

मा. साहेब,
जय भीम.

पाये खोदले ते प्रज्वलच्या मित्रांनी आपल्या जबाबदारीवर खोदले. तुमच्यासारख्या कायद्याच्या माणसाला मी अशा भानगडीत कसा टाकू?

मी दुसरंच सुचवतो. तुमचं वय झालं, माझंही झालं. खेड्यात दवाखाना नाही, दुखलं-खुपलं तर मोताळ्याला किंवा मलकापूरला पळावं लागतं. त्यापेक्षा बुलडाण्यात घर घ्या. घाटावरची थंड हवा आहे, तुमच्यासारखे निवृत्त साहेब लोक तिथे पुष्कळ आहेत, सगळ्या सोयी आहेत, आणि मुख्य म्हणजे तिथे तुमची माणसंही भरपूर. एसटीने आलो तर मी तासाभरात भेटायला येतो. प्रज्वलचंही तेच मत आहे. नव्या पोरांचं डोकं आपल्यापेक्षा जास्त चालतं.

मळ्यात भेंडी चांगली आली आहे. कोणी पुण्याला येणार असेल तर पाठवतो.

आपला,
हरिओम


पुणे
१२ ऑक्टोबर २०२५

हरिओम,

‘तिथे तुमची माणसंही भरपूर’ हे वाक्य तू सहज लिहून गेलास. मी जुलैपासून ते घेऊन बसलो होतो. शेवटी गेल्या आठवड्यात न कळवता निघालो. मलकापुरातून एसटीने धामणगाव बढ्यापर्यंत आणि तिथून काळीपिवळी जीपने. तुझ्या घरी आलो नाही. सरळ रंगराव नगरात गेलो.

फलकाच्या मागे आता पत्र्याचं ऑफिस झालंय. आत एक चष्मेवाला माणूस बसला होता, दुसरबीडकडचा, गावात नवा. त्याने खुर्ची दिली, पाण्याची बाटली दिली. मी म्हटलं, निंबाजवळचा प्लॉट बघायचाय. त्याने वही काढत विचारलं, “नाव काय काका?”

“इंगळे.”

“कोणते इंगळे?” मग माझा इस्त्रीचा शर्ट आणि माझं पुण्याचं बोलणं बघून त्याचं त्यानेच ठरवलं. “मालकाचे भाऊबंद दिसता. मालकबी इंगळेच.”

मी काही बोललो नाही. त्याला ते ‘हो’ वाटलं. लगेच स्टीलच्या पेल्यात चहा आला. पेला बघून मला वहिनींचा कागदी कप आठवला. त्या दिवशी मी बाहेर पडल्यावर तुम्ही तो चिमट्याने उचलला नसेल, एवढं मी अजून मानतो. पण तो चुरगळून टाकता येतो म्हणूनच काढला होता, हे आता समजतं. त्या पंगतीतल्या डिस्पोजल प्लेटांचंही तेच. मी मूर्खासारखं समजलो की गाव बदललं. गावाने फक्त भांडी बदलली होती.

चहा पिताना तो माणूस मोकळा झाला. त्याचं बोलणं शब्दाला शब्द लिहितो, कारण त्यात तू आहेस.

“मंग काही टेन्शन नाही काका, बिनधास्त घ्या. इथं सगळे आपलेच हायेत. हा निंबाजवळचा एक साहेब मांगून राह्यला होता. मोठ्या मालकाचा शाळेतला दोस्त हाये म्हणे, पण त्या वस्तीच्या लोकायतला. प्रज्वलभाऊ त म्हणत होते देऊन टाका, आपल्याले काय करायचं हाये. मोठे मालकच नाही म्हणले. म्हणले, तारखा देत राहा, आपोआप थकीन तो.”

आपोआप थकीन तो. हे तू म्हणालास, हरिओम. पोरगा द्यायला तयार होता आणि तू त्याच्याच नावावर माझ्याशी खोटं बोलत राहिलास. एनए, तहसील, भानगडी, घाटावरची थंड हवा. तुझ्या बापाने मला वरून पाणी ओतलं, पण समोर उभं राहून ओतलं. तू सोफ्यावर बसवून, शाल घालून, जय भीम घालून मला दारातून मागे लोटलंस. तुझ्या बापाचा मला राग येत नव्हता. तुझा येतो.

मला कारण कळलं पाहिजे. गावाचं कारण नको, पोराचं नको. तुझं.

प्रेमानंद


चिंचपाडळी
७ नोव्हेंबर २०२५

काऊन बे पम्या,

तुले कारण पाहिजे काय? घे मंग. आज साहेब-बिहेब काही लिहीत नाही. हे पत्र मी मळ्यात बसून लिहितो आहे, घरात कोणाला माहीत नाही.

मी नाही म्हटलं. हो, मीच म्हटलं. प्रज्वल उद्या प्लॉट विकून नाशिकला चालला, त्याले काय फरक पडते शेजारी कोण आला त? मला इथेच राहायचं आहे. तू निंबाखाली घर बांधलं असतं, ओटा बांधला असता, आणि रोज सकाळी मला हाक मारली असती. मी आलो असतो त गाव गेलं असतं. नसतो आलो त दोस्ती गेली असती. रोज, बे. एक दिवस नाही. आठ दिवसांचा पाहुणा सांभाळता येतो, त्याच्यासाठी शाल आणता येते. रोजच्या शेजाऱ्याला काय आणू? अन्नपूर्णा तुझ्या घरी हळदीकुंकवाला गेली असती काय, आणि नसती गेली तर तू ते मनावर घेतलं नसतं काय? तू पुण्यात असला म्हणजे मला सोपं जाते. तू पुण्यात असला की मी सगळ्यांना सांगू शकतो, पम्या माझा भाऊ आहे म्हणून.

आता मी विचारतो. त्या चष्मेवाल्याने विचारलं, कोणते इंगळे. शाळेत ओरडून सांगत होता ना बे तू, वस्तीतला म्हणून? मग तिथे काऊन चूप बसला? आमचा इंगळे होऊन आमच्या पेल्यात चहा प्यायला ना? लागला ना गोड? मी खोटं बोललो ते कागदावर बोललो. तू न बोलता बोलला.

अन् तुह्या बापाची जागा वस्तीत पडली आहे. बाभळी काढायला एक दिवस लागत नाही. केसरबाई तुला बोलावून राहिली. तिथी काऊन नाही बांधत बे? तिथे ‘मले’ म्हणणारे शंभर आहेत. पण तुला रस्त्यावरचं पाहिजे, पूर्वेचं तोंड पाहिजे, आमच्यातलं पाहिजे. वस्तीत राहायचं तुझ्याही जिवावर येते. मंग एकट्या मले काऊन शिव्या देतो?

मी तुला फसवलं. ते मी मान्य करतो, पण माफी मागत नाही, कारण उद्या पुन्हा विचारलं तरी मी नाहीच म्हणीन. निंबाजवळचा प्लॉट परवा दिला. घेणारा म्हणतो, झाडाचा पाला घरात येतो, तोडावं लागीन. मी काही बोललो नाही.

हऱ्या


पुणे
१ डिसेंबर २०२५

हरिओम,

पाकीट फोडलं आणि पहिल्याच ओळीत ‘काऊन बे पम्या’ दिसलं. मी उभ्याउभ्या हसलो. स्वयंपाकघरात जाऊन चहा ठेवला, म्हटलं निवांत बसून वाचू, वर्षभर ज्याची वाट पाहिली ते आलंय. मग पुढचं वाचलं. चहा उतू गेला. तू मला जवळचं मानून बोललास ते एकदाच, आणि ते ‘तू लांबच रहा’ हे सांगायला.

तू जे विचारलंस त्याचं उत्तर देतो. हो, मी गप्प बसलो. चहा गोड होता. आणि वस्तीत राहायला जाणं माझ्या जिवावर येत होतं, हेही खरं. मी ‘गावात परत येतोय’ असं सगळ्यांना सांगत होतो तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर तुमचा मळा होता, बाभळी नव्हत्या. यावर मला तुझ्याशी भांडता येत नाही.

पण एक गोष्ट तुला माहीत नाही. त्या दिवशी तुमच्या ऑफिसातून उठलो तो थेट वस्तीत गेलो. केसरकाकू दारात मिरच्या निवडत होती. बट्टी होती, वरण होतं, ताटात वाढलं. घरच्याच ताटात, जे नंतर तिने माझ्यासमोर घासलं. जेवण झाल्यावर मी म्हटलं, “काकू, वडिलांच्या जागेवर बांधतो मी घर.”

मिरचीचं देठ मोडत ती म्हणाली, “आता नको बांधू. मी तुले जानेवारीत म्हणलं होतं, तवा तू हासला. आता त्याह्यनं हाकलून देल्लं म्हणून आला. आमची वस्ती काय धर्मशाळा हाय?”

मी म्हटलं, चुकलं माझं. ती म्हणाली, “चुकलं त चुकलं. जेवाले येत जाय. राहाले नको येऊ.” आणि माझ्या पिशवीत मूठभर मिरच्या घातल्या. इतकी वर्षं झाली, माझ्याशी इतकं खरं कोणी बोललं नव्हतं. एक ती, आणि आता तू. दोघांनीही नाहीच म्हटलं.

तेव्हा मी इथेच आहे. ‘मला’ म्हणत राहीन. पत्रं लिहिणं मी आता बंद करतो. राग म्हणून नाही. तू म्हणालास ते बरोबर आहे, मी पुण्यात असलो की तुला सोपं जातं, आणि तुझं इतकं सोपं मला करायचं नाही. माझा भाऊ म्हणून कोणाला सांगू नकोस. मीही सांगणार नाही. आडनाव एक आहे, ते काही कोणाला टाळता येत नाही, पण यापुढे कोणी विचारलं तर दोघांनीही पुरतं सांगायचं.

प्रेमानंद पुंडलिक इंगळे,
वस्तीतला